कापसातली बाटली

१० जानेवारी, शनिवार. जहाजावर, सकाळी.

आज शेवटचा दिवस. उद्या उजाडता मुंबई. काजल अजून झोपली आहे, पोरीच्या पोटात दोन दिवसांपासून ढवळतं आहे. मला जहाज हलण्याचा काही त्रास नाही. अंगणवाडीच्या मिटिंगांना बत्तीस वर्षं हिंगणी ते सेलू बसमध्ये उभ्याने गेले-आले, त्यापुढे समुद्राचं काय घेऊन बसलात.

वही घरूनच आणली. जुनं हजेरी रजिस्टर आहे, मागची पानं कोरी होती.

काजलने पुण्याहून फोन करून सांगितलं तेव्हा वाटलं, पोरगी थट्टा करते. कुमार अनुपची गाणी ऐकत चार दिवस समुद्रावर, आणि जहाजावर सगळी माणसं त्याचीच वेडी. "आई, तू रिटायर झालीस त्याची भेट," म्हणाली. ह्यांनाही चला म्हटलं, तर हे म्हणाले, "मले बोर धरनाचं पानी पाहूनच गरगरते. तू जाय. कापसाची वेचनी राह्यली आहे." काजलचे बाबा असेच. गाणं त्यांना फक्त खंजेरीवरचं भजन माहीत.

लग्न होऊन आले तेव्हा रेडिओवर कुमार अनुप लागला की मी चुलीवरची भाकर करपवायची. आता त्याचे केस काळे आहेत आणि माझे पांढरे, ही काय जादू ते त्याचं त्याला माहीत. पण आवाज तोच. सोबत दोन विनोदवीर आणि नाचणाऱ्या मुलीही आहेत. आम्हा चारशे चाहत्यांना त्याच्या तोंडाचं चित्र असलेले पिवळे बनियन दिलेत. मी लुगड्यावरून घातला. काजल म्हणाली, "आई, प्लीज." मी काही काढला नाही.

आज चाहत्यांचा दिवस. चिठ्ठीत नाव निघालेल्या पंचवीस जणांना मंचावर एक मिनिट, माझंही निघालं. मी सूतमाळ आणली आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या गळ्यात फुलं घालत नाहीत, हाताने कातलेल्या सुताची माळ घालतात. पवनारच्या एका बाईकडून मुद्दाम करून घेतली. माळ घालायची आणि आमच्या दारूबंदी मंडळाबद्दल दोन वाक्यं बोलायची. चौदा वर्षं मी अध्यक्ष आहे, हे जगाला कळायला हरकत नाही. काजल म्हणते नको. तिचं काय ऐकायचं.

त्याच दिवशी, दिवेलागणीला.

सकाळचं पान फाडून टाकावंसं वाटतं. पण रजिस्टरचं पान फाडायची हाताला सवय नाही, आणि फाडलं म्हणून काही झालेलं जाणार नाही. म्हणून सगळं लिहिते.

मंचावर गेले. कुमार अनुपने विचारलं, कुठून आलात? वर्धा म्हटलं. तो माइकवर म्हणाला, "अरे बापरे, वर्धा! तिथे तर दारूबंदी ना? मग आमचे वादक तुमच्या गावाला येणार कसे?" चारशे माणसं हसली. माझी दोन वाक्यं राहूनच गेली. आणि मीही हसले, सगळ्यांबरोबर, दात काढून. माळ घातली, फोटो झाला, एका पोरीने कोपराला धरून मला खाली उतरवलं.

दुपारी वरच्या मजल्यावर जेवण होतं. काजल खोलीतच होती. माझ्या टेबलावर ठाण्याच्या तीन बाया होत्या, सगळ्यांच्या पुढे लालकाळ्या दारूचे ग्लास. कुमार अनुप टेबलोटेबली फिरत होता, तो आमच्याकडे आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "ताई, मघाशी रागावला नाहीत ना? तुम्ही काही घेणार नाही, मला कल्पना आहे. यांना लिंबूपाणी आणा रे."

माणूस मला सोडवतच होता. लिंबूपाणी प्यायचं, नमस्कार करायचा, एवढंच काम होतं. पण त्या तिघी माझ्या बनियनकडे आणि लुगड्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही. आमच्या घरी चालतं. आमचे हे घेतात ना कधीकधी."

घेतात म्हणे! ज्या माणसाने चौदा वर्षं थेंबाला हात लावला नाही, त्याला मी एका वाक्यात पुन्हा दारुडा केलं. आणि कोणासमोर, तर ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा तीन बायांसमोर. गावंढळ दिसू नये म्हणून.

मग ग्लास आला. मी घेतला. पुरा संपवला.

तो खूश झाला. गोव्यात घेतलेली तसलीच एक बाटली त्याने मागवली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमच्या यजमानांसाठी, माझ्याकडून. म्हणावं, कुमार अनुपने आठवण केली आहे." बायांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी.

निघताना मंचाजवळून आले. निरोपाच्या कार्यक्रमासाठी फुगे लावत होते. एक झुपका माझ्या सूतमाळेने बांधला होता. सोडवून घ्यावी वाटलं. पण हातात बाटली होती, हात मोकळा नव्हता.

११ जानेवारी, रविवार. गाडीत.

काजल दादरहून पुण्याला गेली. तिला काही सांगितलं नाही. बाटली पिवळ्या बनियनमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी आहे.

इगतपुरीला टाकीन म्हटलं, तर समोरचा म्हातारा जागा होता. नाशिकला चहावाले दारात उभे. खरं लिहायचं तर टाकायला जीव होत नाही. कुमार अनुपने स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू. मागे त्याचा एक फोटो मासिकातून कापला होता, तो पेटीत पस्तीस वर्षं आहे.

१२ जानेवारी, सोमवार. घरी.

वर्धा स्टेशनवर पोलीस बॅगा तपासत होते. गाड्यांमधून दारू येते, तपासणी करा, असं निवेदन आमच्या मंडळानेच दिलं होतं. मी पिशवी पदराआड घेतली. त्यातल्या एका पोलिसाने मला ओळखलं. "नमस्कार ताई, तुमची काय तपासायची!" म्हणाला आणि पिशवी स्वतः उचलून ऑटोपर्यंत आणून दिली.

हे फाट्यावर घ्यायला आले होते. पिशवी उचलताना म्हणाले, "जड आहे वं. काय आनलं?"

"काजलनं लोनचं देल्लं," मी म्हटलं.

घर झाडून ठेवलं होतं. वांग्याची भाजी करून ठेवली होती, तिखट जास्त पण चांगली. समुद्र कसा असतो ते विचारत होते. मासे उड्या मारतात म्हटलं तर लहान मुलासारखे ऐकत राहिले. जेवून शेतात गेले.

मग मी बाटली लपवली. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आहे, भाव चढेल म्हणून ठेवलेला. हात कोपरापर्यंत घातला आणि आत सरकवली. दुसरी जागा सुचलीच नाही. पूर्वी हे तिथेच लपवायचे. त्या वर्षांत मी रोज ढिगात हात घालून शोधायची, तीच सवय हाताला राहिली असेल.

ती वर्षं आठवली की अजून अंगावर काटा येतो. काजल शाळेत होती. मग मी आणि अनुसयाबाईने बाया गोळा केल्या, मंडळ काढलं, आणि पहिला माणूस पकडला तो माझाच नवरा. प्रार्थना मंदिरासमोर उभं केलं. त्यांनी खंजेरीवर हात ठेवून शपथ घेतली. गाव म्हणतं, भागीरथाबाईने नवऱ्याची दारू सोडवली. मीही तसंच म्हणते.

नियम त्याच वर्षी लिहिला, माझ्याच अक्षरात आहे. शपथ घेऊन पुन्हा सापडला तर त्याचं नाव ग्रामसभेत, सव्वीस जानेवारी नाहीतर पंधरा ऑगस्टला, अध्यक्ष वाचून दाखवेल. वर्षभर त्याने मंदिरात पाय ठेवायचा नाही, बाहेर पायरीवर बसायचं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

हळदीकुंकवाला अर्धं गाव. बायांनी जहाजाचं विचारून विचारून जीव खाल्ला. अनुसयाबाई मंडळाची उपाध्यक्ष, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती म्हणाली, "जहाजावर दारू असन नं वं? टीव्हीत त असते."

"असन बाई. आपन कुठं पाहाले जातो," मी म्हटलं आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

उद्या ती बाटली नाल्यात रिकामी करीन. नक्की.

१७ जानेवारी, शनिवार.

आज घात झाला.

मी पेन्शनच्या कागदासाठी सेलूला गेले होते. कापसाचा भाव चढला म्हणून ह्यांनी गावातल्या मोतीलालला त्याचा मेटाडोर घेऊन बोलावलं. मला फोन केला होता, पण माझा फोन पिशवीत. परत आले तर अंगणात माणसं. मेटाडोर अर्धा भरलेला, आणि तुळशीच्या ओट्यावर ती बाटली. उन्हात लाल दिसत होती.

हे खांबाला टेकून उभे होते. म्हणत होते, "मले माईत नाई. खरंच माईत नाई."

मोतीलाल हसून म्हणाला, "मंग कापसाले दारूचं बोंड आलं काय, रूपरावभाऊ?"

कोणी हसलं नाही. अनुसयाबाई कमरेला पदर खोचून आली होती. मला पाहून तिचा आवाज खाली आला. "भागीरथाबाई, आता तुमीच सांगा. काय कराचं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगणारच होते. तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं मला काय माहीत. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "माही आहे. तिले कायले इचारता? ती त गावात नोती."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मोतीलाल म्हणाला, चार दिवस घर खाली भेटलं, माणूस घसरला. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला. पोलीस पाटलाला सांगू नका, मंडळातच मिटवा, असं ठरलं. अनुसयाबाईने बूच उघडून सगळ्यांसमोर बाटली नालीत उपडी केली.

संध्याकाळी नालीच्या काठाने मुंग्यांची रांग लागली होती. मी दोनदा पाणी टाकलं, मुंग्या पुन्हा आल्या.

१८ जानेवारी, रविवार.

काजलचा फोन. तिला कोणी कळवलं कोण जाणे. रडत होती. "आई, तू इतकी वर्षं त्यांच्यासाठी एवढं केलंस, आणि तू चार दिवस नव्हतीस तर... चूक माझी आहे, मीच तुला नेलं." मी म्हटलं, तुझी चूक नाही. एवढंच म्हटलं. बाबांशी बोल म्हटलं तर तिने फोन ठेवला.

दुपारी लक्ष्मणराव आले. भजन त्यांच्या मागे गाव म्हणतं. बिचारे चप्पल न काढता दारातच उभे राहिले, मंदिरातली खंजेरी मागायला आले होते; इतकी वर्षं ती हेच वाजवत. ह्यांनी ती धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवलीच होती. "ताल चुकू देऊ नका," एवढंच म्हणाले.

मी आत स्वयंपाकघरात होते. डबे पुसत होते, पुसलेलेच पुन्हा.

२० जानेवारी, मंगळवार.

एक विचार डोक्यातून जात नाही. ह्यांनी 'माही आहे' का म्हटलं? माणूस उगाच कशाला कबूल होईल? कदाचित मी नसताना खरंच घेतली असेल. वेगळी बाटली असेल. आणि ह्यांना वाटलं असेल, तीच सापडली.

हे शेतात गेल्यावर मी घर शोधलं. गोठा, माळा, मोटारीची खोली, फवारणीच्या पंपामागे. ह्यांचा सदरा हुंगून पाहिला. घामाचा वास होता आणि बैलाचा.

काही सापडलं नाही. आणि सापडायला हवं होतं असं मला वाटलं. हे लिहिलं आणि पेन खाली ठेवला. कोणत्या मातीची बाई आहे मी? स्वतःची बाटली ज्याच्या माथी मारली, त्याच्याच अंगाला वास येतो का ते पाहते.

२३ जानेवारी, शुक्रवार.

मंडळाची बैठक माझ्याच ओसरीवर. हे मुद्दाम शेतात थांबले. बाया माझ्याशी अशा बोलत होत्या, जशा मयतीच्या घरी बोलतात. यादीत एकच नाव. अनुसयाबाई म्हणाली, "तुमी नोका वाचू. मी वाचतो. तुमाले कसं होईन?"

"नियम आहे. अध्यक्षच वाचते," मी म्हणाले.

एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मोठं वाटलं, क्षणभर खरंच मोठं वाटलं. त्याची लाज आता लिहिताना वाटते आहे, तेव्हा नाही वाटली.

हे आल्यावर मी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी काऊन म्हनलं, तुमची आहे म्हनून?"

त्यांनी गडवा खाली ठेवला. "मंग कोनाची होती?"

मी गडवा उचलून विसळायला घेतला. ते थांबले होते. बराच वेळ थांबले, बैल हंबरला तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "बैलाले ढेप टाकाची आहे," आणि गेले.

दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. चारशे माणसांसमोर मंचावर चढायला पाय कापले नाहीत, आणि एका माणसासमोर, ज्याच्या ताटात चाळीस वर्षं वाढलं, त्याच्यासमोर तोंड उघडत नाही.

२५ जानेवारी, रविवार.

उद्या ग्रामसभा. यादी लिहायला बसले. 'श्री. रूपराव' एवढं लिहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर हे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. उद्या घ्यायचं, तेही यासाठी.

काजलला फोन केला. सगळं सांगावं म्हणून केला होता. ती म्हणाली, "आई, तू खंबीर राहा." मी खंबीर राहीन म्हटलं.

२६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

झेंडावंदन झालं, मुलांना चॉकलेटं वाटली, मग शाळेच्या मैदानात ग्रामसभा. पाणीपुरवठा झाला, घरकुलं झाली. सरपंच म्हणाले, आता दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. हे शेवटच्या ओळीत, निंबाखाली, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आले नसते तरी चाललं असतं. आले.

माझ्या हातात कागद होता. मी वाचलं, "शपथ मोडून दारू बाळगल्याबद्दल मंडळ पुढील नाव जाहीर करीत आहे. सौभाग्यवती भागीरथा रूपराव बोरकुटे."

कोणाला काही कळलं नाही. सरपंच हळूच म्हणाले, "ताई, रूपरावभाऊचं नाव वाचाचं आहे."

मी म्हटलं, "माझंच नाव आहे. बाटली माझी होती. जहाजावर मला भेट मिळाली, मी आणली, मी कापसात लपवली. आणि जहाजावर मी प्याले. एक ग्लास. ह्यांचा काही संबंध नाही. ह्यांनी माझ्यासाठी खोटं कबूल केलं."

एवढं बोलायला मला सोळा दिवस लागले होते. बोलून झाल्यावर वाटलं, आता दगड मारा.

दगड कोणी मारला नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "वा रे माय! नवरा असावा त असा नाई, पन बायको असावी त अशी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाया डोळे पुसत होत्या. मी ओरडून म्हटलं, "अरे खरं सांगून राह्यली मी!" तर टाळ्या वाढल्या. अनुसयाबाई उठून आली, तिने मला कुशीत घेतलं. कानात म्हणाली, "बस झालं बाई. नवऱ्यासाठी किती खोटं बोलसान? तुमी अन दारू! पोट्टे बी खरं माननार नाईत."

"अनुसयाबाई, तुही शपथ."

"माही शपथ घेऊ नोका. पाप लागन," ती म्हणाली आणि माझ्या हातातला कागद काढून घेतला.

तिने ह्यांचं नाव वाचलं. सरपंच म्हणाले, अशा माउलीमुळे आपलं गाव आहे. पुढच्या सभेत माझा सत्कार करायचा ठराव झाला. मी विरोध केला तर तो विनय म्हणून लिहून घेतला.

घरी येताना हे दोन पावलं पुढे चालत होते. वळणावर थांबले. मी म्हटलं, "तुमाले माईत होतं?"

"तुयं तोंड पाह्यलं नं मी त्या दिवशी. तसंच तोंड करून तुयापुढं मी किती वर्सं उभा राह्यलो." ते पुन्हा चालायला लागले. "लोनचं म्हने!"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"माहं नाव पैलेच खराब होतं. त्यात एक भर. तुयं कायले कराचं?"

मी रस्त्यातच रडले. त्यांनी मला उगी केलं नाही. बाजूला उभे राहिले, कोणी येतं का ते पाहत.

घरी येऊन काजलला फोन केला आणि सगळं सांगितलं, ठाण्याच्या बायांसमोर काय बोलले त्यासकट. तिने विश्वास ठेवला. गावात कोणी ठेवला नाही तो तिने ठेवला. शेवटी म्हणाली, "बाबांना दे." त्यांचं काय बोलणं झालं मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन बसले.

२७ जानेवारी, मंगळवार.

अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून अनुसयाबाईकडे नेला. तिने वाचला, घडी केली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवला. म्हणाली, डोकं शांत झालं की बोलू.

म्हणजे मला शिक्षा करायलाही कोणी तयार नाही. पकडायला मात्र आम्ही किती तयार असायचो. मागच्या पोळ्याला गवंडीकाम करणाऱ्या एका पोराच्या खिशातली शिशी मी त्याच्या आईसमोर काढली होती. तो पाया पडत होता. ती आई काय म्हणत होती ते मी ऐकलंच नव्हतं.

२८ जानेवारी, बुधवार.

आज सायंप्रार्थनेला हे गेले. आत जाता येत नाही, पण घरी बसायचं असा नियमात शब्द नाही, असं म्हणाले. मंदिराच्या खालच्या पायरीवर बसले, सगळ्यांच्या चपलांजवळ.

मी मागून गेले आणि त्यांच्या बाजूला बसले. अनुसयाबाई दारात आली. "भागीरथाबाई, आत या. तुमची जागा ठेवली आहे."

"माही जागा इथं आहे," मी म्हटलं.

ती हात ओढायला लागली. माझा हात हलला नाही तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग माझा हात सोडून आत गेली. तिला कळलं की नाही, मला सांगता येत नाही.

आत प्रार्थना सुरू झाली. खंजेरी दुसऱ्या कोणाच्या हातात होती आणि ताल चुकत होता. ह्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. बऱ्याच वेळाने, समोर पाहतच, त्यांनी विचारलं, "कशी लागली तुले?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं. खोटं बोलायला जागा होती, कडू लागली, मळमळलं, काहीही म्हणता आलं असतं.

"चांगली लागली," मी म्हणाले. "गोड होती. संपली तवा वाटलं, अजून असती त घेतली असती."

ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. नुसती मान हलवली.

"मले अजूनबी वाटते," ते म्हणाले. "रोज. सांज झाली का वाटते."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. चौदा वर्षं रोज संध्याकाळी मी ह्या माणसाच्या तोंडाचा वास घेत आले. कसं वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.